ठरावाखाली तारीख

एका राजकीय पक्षाच्या जिल्हा अधिवेशनाला आम्ही तिघं एकाच क्रूझरमधून गेलो होतो: मी, माझा भाचा आणि त्याच्या गावच्या ग्रामपंचायत सदस्य असलेल्या एक मावशी. त्या दिवशी मांडवात जे घडलं आणि पुढच्या काही महिन्यांत त्याचं जे झालं, ते मी इथं सविस्तर लिहितो आहे. पक्षाचं नाव घेत नाही. परभणी जिल्ह्यात अशी अधिवेशनं मी तीन-चार पक्षांची पाहिली आहेत आणि मांडवाचं कापड सोडलं तर फारसा फरक दिसलेला नाही.

मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. त्याआधी अकरा वर्षं याच पक्षाचं काम केलं. भिंती रंगवल्या, मतदार याद्या घेऊन दारोदार फिरलो, बूथवर बसलो. मग एका निवडणुकीत कालपर्यंत समोरच्या बाजूला असलेल्या माणसाला रातोरात तिकीट मिळालं आणि मी घरी बसलो. तेव्हापासून राजकारणाविषयी माझं एकच वाक्य ठरलेलं होतं: सगळं आधीच ठरलेलं असतं. वर्गात शिकवताना मी ते म्हणत नसे. घरी मात्र म्हणत असे, आणि भाचा ते ऐकतच मोठा झाला.

तरीही तो पक्षात गेला. त्याचे पणजोबा १९४७-४८ मध्ये, निजामाविरुद्धच्या लढ्यात, उमरखेडच्या कॅम्पात होते. त्यांचा एकमेव फोटो त्यानं मोबाईलच्या पडद्यावर लावला आहे. वय सव्वीस, शेती सहा एकर, सोयाबीन आणि तूर. पक्षानं त्याला तालुक्याच्या युवक शाखेत घेतलं आणि अधिवेशनाचा प्रतिनिधी पास दिला. आदल्या रात्री त्याचा फोन आला, "मामा, तुम्ही यायलाच पाहिजे. मी ठराव मांडायलोय."

जिंतूर सोडलं की बोरी, मग झरी, मग परभणी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर शेंगांनी वाकली होती आणि कापसाची शेवटची वेचणी चालू होती. गाडीत भाच्यानं परतूरचा विषय काढला. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर 'गश्ती निशाण ५३' हे फर्मान आडवं यायचं, परवानगीशिवाय चार माणसं जमवणं हाच गुन्हा. अशा काळात, १९३७ मध्ये, महाराष्ट्र परिषदेचं, म्हणजे निजाम राज्यातल्या मराठी लोकांच्या संघटनेचं, पहिलं अधिवेशन परतूरला भरलं. अध्यक्ष गोविंदराव नानल होते. परतूर तेव्हा आपल्याच परभणी जिल्ह्यात होतं, १९८१ मध्ये ते जालन्यात गेलं. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन व्हायच्या आधीच तिच्यावर बंदी आली आणि ती उठायला १९४६ उजाडलं. "आठ वर्षं ज्या संघटनेचं नाव घ्यायला बंदी होती, तिचे लोक अधिवेशनाला जायचे," भाचा म्हणाला. "आपल्याला तर पास मिळालाय."

मी त्याला दोन तारखा ऐकवल्या. १७ फेब्रुवारी २०२३ आणि ६ फेब्रुवारी २०२४. शिवसेना आणि राष्ट्रवादी फुटल्यावर खरा पक्ष कोणता, याचा निर्णय निवडणूक आयोगाला द्यायचा होता. पक्षाची घटना, संघटनेतलं बहुमत, पदाधिकाऱ्यांच्या निवडी, सगळं तपासायला घेतलं गेलं. या कसोट्यांवर विसंबण्याजोगं काही हाती लागलं नाही आणि अखेर आमदार-खासदारांची डोकी मोजून निकाल लागला. "म्हणजे काय," मी म्हणालो, "तुझ्या पासाला निवडणूक आयोगाकडंही किंमत नाही."

मी सांगितलेलं सगळं खरं होतं. पण ते त्या वेळी, त्या पोराला, कशासाठी सांगितलं याचा विचार मी तेव्हा केला नव्हता.

मावशी मागच्या सीटवर होत्या. त्यांना तालुकाध्यक्षांनी आणलं होतं, कारण गाडीत बाया कमी पडत होत्या. एका दिवसाची वेचणी बुडवून त्या आल्या होत्या. पूर्ण रस्त्यात एकदाच बोलल्या: "ठराव म्हंजी आपल्या बचत गटात लिहितो तसाच का?" भाचा हो म्हणाला आणि पुन्हा परतूरकडं वळला.

मांडवाच्या फाटकावर एक पोरगा वही घेऊन बसला होता. गाडीचा नंबर, आत किती माणसं, तालुका कोणता, एवढंच तो लिहीत होता. डिझेलचा हिशोब त्यावर होता. जेवणाचं कुपन वेगळ्या टेबलावर. मी भाच्याकडं पाहिलं. त्यानं मुकाट्यानं कुपन खिशात घातलं.

ठराव काय होता हे नीट सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण त्यावर उभं आहे. एक रुपयात पीक विमा मिळायचा तेव्हाची ही गोष्ट. भाच्याच्या गावात काढणीच्या तोंडावर ओढ्याचं पाणी शेतात तीन दिवस थांबलं आणि झाडावरच्या शेंगांना कोंब फुटले. असं नुकसान तेव्हा ७२ तासांत कळवावं लागायचं. गावात दोन दिवस लाईट नव्हती, मोबाईल बंद पडलेले. मावशींसह बऱ्याच जणांचे ७२ तास तसेच निघून गेले. उरला दुसरा मार्ग: पीक कापणी प्रयोग. शेतात ठरलेल्या मापाचा चौकोन आखायचा, त्यातलं पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं. अशा प्रयोगांची सरासरी काढून ती उंबरठा उत्पादनाशी ताडून बघतात. हे उंबरठा उत्पादन मागच्या सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून, जोखीमस्तर, म्हणजे त्या सरासरीचा ठरलेला टक्का, धरून काढतात. सरासरी त्याखाली गेली तरच भरपाई.

अडचण अशी की महाराष्ट्रात ही सरासरी गावाची नसते, बऱ्याच गावांच्या मिळून होणाऱ्या महसूल मंडळाची असते. समजा मंडळाचं उंबरठा उत्पादन हेक्टरी नऊ क्विंटल आहे आणि मंडळाची सरासरी साडेनऊ आली. मग ओढ्याकाठच्या गावात तीन क्विंटल झालं असलं तरी त्या गावाला शून्य. केंद्राच्या योजनेत प्रमुख पिकांसाठी गाव किंवा ग्रामपंचायत हा घटक धरण्याची तरतूद आहे. तसं का होत नाही? मंडळासाठी किमान दहा प्रयोग पुरतात, ग्रामपंचायत धरली तर प्रत्येकीत किमान चार करावे लागतात. मंडळात पंधरा ग्रामपंचायती असल्या तर दहाचे साठ झाले, आणि माणसं तीच. नकारामागं हे एक साधं, कंटाळवाणं कारणही आहे. माझ्यासारख्या माणसाला असं कारण शोधावंसं वाटत नाही. 'त्यांना करायचंच नाही' एवढं म्हणून आमचं काम भागतं.

भाच्यानं ठराव दोन पानं लिहिला होता. निळ्या बॉलपेननं, सुवाच्य अक्षरात, चार घड्या घालून शर्टाच्या खिशात. पहिलं पान मुक्तिसंग्रामाचं. दुसऱ्या पानावर सात मागण्या होत्या: गाव हा विमा घटक करा, ७२ तासांची अट शिथिल करा, हमीभाव, सिंचनाचा अनुशेष, दिवसा वीज, पांदण रस्ते आणि शेवटी शेतकऱ्याच्या पोरांसाठी वसतिगृह. प्रत्येक मागणी बरोबर होती. त्यानं तो ठराव कुणालाही आधी दाखवला नव्हता. अनुमोदक कोण, हे विचारल्यावर म्हणाला, "मांडवात कुणीही उभं राहील की मामा. सगळ्यांचंच दुखणं आहे."

कोणते ठराव मांडायचे हे ठरवणारी विषय नियामक समिती मांडवामागच्या खोलीत बसली. नऊ जण, एक टेबल, चहाचे कागदी कप. भाच्याला बोलावलं, मी दाराशी उभा राहिलो. तालुकाध्यक्षांनी, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, पानं उलटसुलट केली. त्यांच्याविषयी मला राग आहे, पण न्यायानं सांगायचं तर त्यांच्या डोक्यावर त्या दिवशी पाच गाड्या होत्या, जेवण होतं, आणि जिल्हा परिषदेवर २०२२ पासून प्रशासक असल्यानं निवडणुकीची वाट बघत बसलेले डझनभर इच्छुक होते. ते म्हणाले, "चांगलं लिहिलंस. पण लई लांब आहे. आपण एकत्र करून घेऊ." दहा मिनिटांत ठरावाचं एक वाक्य झालं: 'पीक विमा योजनेतील त्रुटी दूर करून शेतकऱ्यांना न्याय द्यावा, अशी मागणी हे अधिवेशन करीत आहे.' बाकी सहा मागण्या 'शेतीविषयक सर्वसाधारण ठराव' या नावाखाली गेल्या.

भाचा बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. त्यानं कागदाच्या पुन्हा चार घड्या घातल्या, पण खिशात ठेवल्या नाहीत. हातात धरून तो मांडवाच्या टोकाला पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभा राहिला. मी जवळ गेलो आणि म्हणालो, "मी तुला गाडीतच सांगितलं होतं."

या प्रकरणातला निर्णायक क्षण मला हा वाटतो. खुलं अधिवेशन सुरू व्हायला अजून चाळीस मिनिटं होती. मला कार्यपद्धती माहीत होती. खुल्या अधिवेशनात मसुद्यावर दुरुस्ती सुचवता येते, तिला अनुमोदक लागतो, आणि ती लेखी दिली तर अध्यक्षांना वाचावीच लागते. अकरा वर्षं मी हेच काम केलं होतं. नऊ जणांतले तीन माझ्या ओळखीचे होते. त्या चाळीस मिनिटांत मी यातलं काहीही केलं नाही. माझं म्हणणं खरं ठरलं होतं आणि त्याचं मला आतून बरं वाटत होतं. भाच्याचा दिवस मोडला होता आणि मी समाधानी होतो, हे आज लिहिताना लाज वाटते, पण ते तसंच होतं.

भाच्यालाही त्या चाळीस मिनिटांत काही सुचलं नाही. त्याची समजूत अशी होती की खरं बोललं की लोक उठून उभे राहतात. परतूरच्या अधिवेशनाबद्दल त्यानं जे वाचलं होतं त्यात धैर्य होतं, पण त्या अधिवेशनाआधी कुणी किती पत्रं लिहिली असतील, कोण कुणाच्या घरी मुक्कामाला गेलं असेल, ठरावाचे शब्द किती वेळा बदलले असतील, हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. माझी निराशा आणि त्याची श्रद्धा, दोन्हींची नजर स्टेजवरच होती. मला तिथं नाटक दिसत होतं, त्याला देव्हारा. मागच्या खोलीतलं टेबल दोघांनीही सोडून दिलं.

मावशी टाकीवर पाणी प्यायला आल्या. भाच्याच्या हातातला कागद बघून म्हणाल्या, "झाला का ठराव?" त्यानं झालेलं वाक्य म्हणून दाखवलं. त्यांनी ते दोनदा म्हणायला लावलं. मग विचारलं, "ह्ये घिऊन कोण जाणार? कवा जाणार?"

भाचा म्हणाला, "तसं नसतं मावशी, हा मागणीचा ठराव आहे."

"मागणीच कर, पण कुणाला? आमच्या गटात कर्जाचा ठराव घेतला तर नाव लिहितो, रक्कम लिहितो, तारीख लिहितो. सूचक, अनुमोदक. न्हाईतर बँकवाली म्हणती, कागद आहे, ठराव न्हाई."

त्या बारा वर्षं बचत गटाच्या सचिव आहेत. ठरावाची वही त्यांच्याच घरी असते. सहीपुरतं शिकल्या होत्या, लिहायला या वहीवर शिकल्या. त्यांनी पिशवीतून गटाचं पेन काढलं आणि भाच्याला म्हणाल्या, "एकच धर. सात धरशील तर सातही सुटतील."

मग मात्र मी बोललो. दुरुस्ती कशी लिहायची ते सांगितलं. भाच्यानं आपल्याच ठरावाच्या कोऱ्या पाठीवर लिहिलं: 'विमा घटक महसूल मंडळाऐवजी ग्रामपंचायत करावा, आणि तोपर्यंत प्रत्येक पीक कापणी प्रयोगाची तारीख व शेताचा गट क्रमांक ग्रामपंचायतीला आधी लेखी कळवावा. हा ठराव घेऊन तीन जणांनी एक महिन्याच्या आत जिल्हाधिकाऱ्यांना भेटावे.' दुसरा भाग, तोपर्यंत काय, हा मावशींचा. त्यांचं म्हणणं, मोठं काम होईल तेव्हा होईल, निदान काटा आपल्यासमोर लागू दे. सूचक भाचा, अनुमोदक मावशी. त्यांनी सही करायला तो कागद टाकीच्या झाकणावर ठेवला. झाकण ओलं होतं, खालची ओळ थोडी फुटली.

खुल्या अधिवेशनात साडेतीन तास भाषणं झाली. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ठरावांचं वाचन शेवटी आलं तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, गाड्यांचे हॉर्न वाजत होते. अकरा ठराव आवाजी मतानं भराभर निघाले. विम्याचा ठराव आला तेव्हा भाचा उभा राहून म्हणाला, लेखी दुरुस्ती दिलेली आहे. अध्यक्ष म्हणाले, वेळ नाही, समितीनं घेतलंय. तेवढ्यात मावशी खुर्चीवरून उठल्या. माईक नव्हता. म्हणाल्या, "साहेब, वाचा तर. दोन वळी हायत."

मागून दोन-चार आवाज आले, वाचा वाचा. आसपासच्या गावांतलेच होते, त्यांच्याही शेंगांना कोंब फुटले होते. अध्यक्षांनी कागद घेतला आणि फुटलेल्या ओळीपाशी अडखळत वाचला. विरोध कोण करणार? मंजूर झाला. तिघांत भाचा, मावशी आणि भाऊ. भाऊंचं नाव मीच सुचवलं. त्यांना बाहेर ठेवून जिल्हाधिकारी कार्यालयाचं दार उघडलं नसतं.

परतताना झरीच्या पुढं अंधार पडला. भाचा गप्प होता. शेवटी म्हणाला, "मामा, टाळ्या वाजल्याच नाहीत." खरं होतं. अकरा ठरावांत बिनटाळ्यांचा तेवढाच एक.

महिन्याची मुदत टळली. भाऊंचा फोन लागेना, लागला तर उद्या बघू. सातव्या आठवड्यात मावशी पहाटेच्या एसटीनं तालुक्याला आल्या आणि भाऊंच्या घराच्या ओट्यावर जाऊन बसल्या. सोबत वही. त्यांनी त्या ठरावाची नोंद गटाच्या वहीत केली होती, खाली तारीख आणि 'मुदत संपली' असा शेरा. भाऊंच्या आईनं चहा दिला आणि मुलाला आतून हाक मारली. त्याच आठवड्यात तिघं परभणीला गेले.

उत्तर लेखी मिळालं. विमा घटक ठरवणं हा राज्यस्तरावरचा विषय, निवेदन पुढं पाठवत आहोत. कापणी प्रयोगांबद्दल मात्र: ज्या गावात प्रयोग आहे तिथल्या ग्रामपंचायतीला आगाऊ कळवण्याच्या सूचना देण्यात येतील. पत्रावर जावक क्रमांक आणि शिक्का होता. पक्षाच्या राज्य पातळीवरच्या पुढच्या बैठकीत हा ठराव घेतला गेला नाही. भाच्याला राज्य अधिवेशनाचा पास मिळाला नाही. कुणी सांगितलं नाही, पण कारण आम्हा दोघांना कळतं. त्यानं पक्ष सोडलेला नाही. सोड, असं मी दोनदा तोंडापर्यंत आणलं आणि गिळलं.

२०२५ च्या खरिपापासून एक रुपयाचा विमा बंद झाला, सोयाबीनला दोन टक्के हप्ता लागू झाला आणि ७२ तासांत कळवून मिळणारी स्थानिक आपत्तीची भरपाईही गेली. पीक कापणी प्रयोगांचं महत्त्व वाढलं. पाण्याच्या टाकीवर लिहिलेल्या ज्या अर्ध्या ओळीला आम्ही तिघांनी दुय्यम धरलं होतं, तीच आता कामाची ठरली. घटक अजूनही मंडळच आहे.

त्या ऑक्टोबरात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर पहिल्यांदा गट क्रमांक आणि तारीख लागली. मी सुट्टी काढून गेलो. शेत ओढ्याच्या वरच्या अंगाला होतं. कृषी सहायक तरुण मुलगी होती, तिच्यावर चार गावांचं काम होतं आणि तिला घाई होती. चौकोन आखून झाला तेव्हा बांधावर चौदा माणसं होती. भाच्यानं टेप दुसऱ्या टोकाला धरला. कापलेलं सोयाबीन ताडपत्रीवर बडवलं, पाखडलं, पोत्यात भरलं, पोतं काट्याच्या आकड्याला लावलं. मावशी पुढं झाल्या. काटा हलायचा थांबेपर्यंत त्यांनी सगळ्यांना हात मागं घ्यायला सांगितलं, मग मुलीला म्हणाल्या, "बाई, जरा मोठ्यानं वाच. मागच्यांना ऐकू जाऊ दे."